वाईट बातमी किती वेळात पोचते?

नव्या सॉफ्टवेअर टीमबरोबर काम सुरू झालं की सुरुवातीला मी कोडकडे फारसं बघत नाही. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, बसते आणि ऐकते. कोण काय करतंय याची नोंद टूलमध्ये असतेच. मला ऐकायचं असतं ते वेगळंच: "मी अडकलोय" असं इथे कोण म्हणतं, कितव्या दिवशी म्हणतं आणि म्हटल्यावर बाकीचे काय करतात. आठवडाभर ज्याचं त्याचं काम "जवळजवळ झालंय" आणि शुक्रवारी एकही टिकेट (कामाची नोंद) बंद नाही, असं दिसलं की पुढचं ओळखायला डॅशबोर्ड लागत नाही.

बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक जुना विनोद आहे. पहिला 90 टक्के कोड लिहायला ठरलेल्या वेळातला पहिला 90 टक्के वेळ जातो आणि राहिलेल्या 10 टक्के कोडला दुसरा 90 टक्के वेळ. आम्ही सगळे त्यावर हसतो आणि दुसऱ्या दिवशी स्टँडअपला "नव्वद टक्के झालंय" म्हणून मोकळे होतो.

मी टेस्टर म्हणून या क्षेत्रात आले आणि बराच काळ टेस्टरच होते. टीम लीडची जबाबदारी पुढे आली. टेस्टरचं कामच संशय घेण्याचं, त्यामुळे 'टीममध्ये विश्वास हवा' असा विषय निघाला की लोक माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना सांगण्यात इतकी वर्षं गेल्यावर एक गोष्ट मला फार जवळून बघायला मिळाली, ती म्हणजे चूक कळल्यावर माणसं कशी वागतात. त्यातून माझं मोजमाप अगदी साधं झालंय. वाईट बातमी टीममध्ये कुणाला तरी पहिल्यांदा कळते. तिथून ती ज्याला कळायला हवी त्याच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? काही तास, काही दिवस, की थेट रिलीजची आदली रात्र? टीममध्ये विश्वास किती आहे ते मला तेवढ्यावरून कळतं. एकत्र सहली, एकसारखे टीशर्ट, भिंतीवर लावलेली मूल्यं यांना माझा विरोध नाही. पण हे सगळं असूनही बातमी आठवडेच्या आठवडे दाबून ठेवणाऱ्या टीम मी बघितल्या आहेत.

बातमी लवकर आली तर हातात पर्याय असतात. एखादं फीचर पुढच्या रिलीजला ढकलता येतं, क्लायंटशी बोलता येतं, सोपी वाट काढता येते. उशिरा आली की दोनच उरतात: रात्री जागा, नाहीतर माणसं वाढवा. माणसं वाढवण्याबद्दल फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. पाच जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या 10 होतात, दहा जणांच्या टीममध्ये 45. शिवाय नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी माणसं वाढवलीच जातात, कारण तोपर्यंत करण्यासारखं दुसरं काही शिल्लक राहिलेलं नसतं.

बातमी दाबली का जाते? माणसं लबाड असतात म्हणून नव्हे. माझ्या आधीच्या एका नोकरीत टेस्टरचं मूल्यमापन त्याने किती बग नोंदवले यावर व्हायचं आणि डेव्हलपरचं त्याच्या नावावर किती बग चढले यावर. ही पद्धत काढणाऱ्याला वाटलं असेल, दोन्हीकडची मेहनत वाढेल. वाढली ती घासाघीस. एकाच स्क्रीनवरच्या स्पेलिंगच्या तीन चुका तीन वेगवेगळे बग म्हणून चढायच्या. तिकडून डेव्हलपर जागेवर येऊन हळूच म्हणायचा, "टूलमध्ये नको ना टाकूस, अर्ध्या तासात करून देतो." आणि तो खरंच करून द्यायचा! पण त्या दुरुस्तीची नोंद कुठेच नसायची. मग काही महिन्यांनी तारखेच्या फॉरमॅटची तीच चूक दुसऱ्या मॉड्यूलमध्ये, दुसऱ्याच माणसाच्या हातून व्हायची आणि तोही आपापलं संशोधन पहिल्यापासून करायचा. बगची सिव्हिरिटी, म्हणजे तो किती गंभीर आहे हे, ठरवायला वेगळी मीटिंग असायची. तिथे 'मेजर'चा 'मायनर' करून घेण्यात जे वकिली कौशल्य खर्च व्हायचं, त्यातलं निम्मं युनिट टेस्टवर खर्च झालं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांत गंमत म्हणजे महिन्याच्या अहवालात आमची क्वालिटी सुधारताना दिसायची.

एमी एडमंडसन यांचं संशोधन मी वाचलं तेव्हा मला ती मीटिंग आठवली. 1990 च्या दशकात त्या हार्वर्डमध्ये विद्यार्थिनी असताना रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार, ही अपेक्षा. आकडे उलटे आले. ज्या वॉर्डांत माणसांचं एकमेकांशी चांगलं जमत होतं तिथे चुका जास्त दिसत होत्या. खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका बोलून दाखवत होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या लपून जात होत्या. पुढे 1999 साली एका उत्पादन करणाऱ्या कंपनीतल्या 51 टीमचा अभ्यास करून त्यांनी मानसिक सुरक्षिततेची कल्पना नीट मांडली. आता तो शब्द प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'सगळ्यांशी गोड बोला' असा लावला जातो. गोड बोलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. "हे डिझाइन चालणार नाही" असं सिनियरला सगळ्यांसमोर म्हणता येणं आणि म्हटल्यावर आपल्या वाट्याला येणारं काम बदललं न जाणं, याच्याशी आहे.

लीड झाल्यावर मी पहिल्यांदा बदललं ते स्वतःचं पहिलं वाक्य. काही बिघडल्याचं कळलं की तोंडात आपोआप "कुणी केलं?" येतं. त्याऐवजी मी "कधीपासून?" विचारते. प्रश्न किरकोळ आहे, पण पुढची सगळी चर्चा त्यावर ठरते. 'कधीपासून' विचारलं की लोक लॉग उघडतात. 'कुणी' विचारलं की जुन्या मेल उघडतात.

एकदा एका मुलाने मंगळवारी सकाळी सांगितलं की गुरुवारच्या डेमोपर्यंत रिपोर्टचं एक्सपोर्ट होणार नाही. त्यासाठी वापरलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) मोठ्या फाइलवर कोसळतेय. मी त्याच दिवशी क्लायंटला कळवलं आणि डेमोतून एक्सपोर्ट काढून टाकलं. बस, एवढंच. ना एस्कलेशन (वरिष्ठांकडे तक्रार), ना "हे आधी का नाही कळलं" अशी लांबलचक मेल. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांनी आपापल्या अडचणी वेळेत सांगितल्या. मी कुठलंही भाषण केलं नव्हतं. मंगळवारचं त्याचं पुढे काय होतं ते सगळे बघत होते.

मोठ्यांनी "मला माहीत नाही" म्हणण्याचाही असाच उपयोग होतो. आमच्यातल्या सगळ्यांत अनुभवी डेव्हलपरने एकदा टीमच्या उघड्या चॅट चॅनलवर कॅशेबद्दल, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या डेटाबद्दल, विचारलं, "हा कॅशे नक्की कधी रिकामा होतो? मला कधीच नीट समजलेलं नाही." त्यावर तिघा-चौघांनी लगेच "मलाही" असं टाकलं. नव्या आलेल्या मुलीने नंतर मला सांगितलं की हाच प्रश्न ती आल्यापासून खासगी मेसेजमध्ये एकेकाला विचारत होती आणि प्रत्येकाने तिला वेगळं उत्तर दिलं होतं. प्रश्न उघड्यावर आल्यामुळे निदान एवढं कळलं की बरोबर उत्तर कुणाकडेच नाही. मग एकाने बसून ते शोधलं आणि विकीवर लिहिलं.

ही झाली रोजची, लहान बातमी. मोठी बातमी कशी सांगावी याचं माझं आवडतं उदाहरण गिटलॅबचं, म्हणजे कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचं, आहे. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका इंजिनियरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी काढून टाकायची होती. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन ती थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले 4.5 जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता. तो फसल्याची सूचना देणाऱ्या ईमेलही नाकारल्या जात असल्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. सुमारे सहा तास आधी योगायोगाने हाताने घेतलेली एक प्रत कामाला आली. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला.

पण मी हे उदाहरण देते ते पुढच्या भागासाठी. त्यांनी दुरुस्तीच्या नोंदी चालू असतानाच सगळ्यांसाठी खुल्या केल्या, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतरच्या अहवालात त्या इंजिनियरचा उल्लेख 'टीम मेंबर 1' असा केला. बॅकअप नीट चालतोय का हे तपासलं का गेलं नाही, याचं उत्तर त्यांनी लिहिलं: ते काम कुणाचंच नव्हतं. माझ्या मते अख्ख्या अहवालात हेच वाक्य सगळ्यांत कामाचं आहे. बोटं सरकली त्या माणसाला काढून टाकलं असतं, तर 'कुणाचंच नसलेलं' ते काम तसंच कुणाचंच राहिलं असतं आणि पुढचा माणूस घाबरून बातमी एक तास उशिरा देणार, हे त्याच्या वर. दुरुस्तीच्या त्यांच्या यादीत एक अगदी बारकी गोष्टही होती: आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हे टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करतो त्या ओळीवर, ठळक दिसायला हवं.

ती आम्ही उचलली. आमच्याकडे प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरचा, प्रॉम्प्ट लालभडक आहे आणि डेटा पुसणारी स्क्रिप्ट चालवायची तर डेटाबेसचं नाव हाताने टाइप करावं लागतं. नुसतं 'वाय' (हो) दाबून सुटका नाही. हे झालं कारण एका ज्युनियरने भलत्याच डेटाबेसवर स्क्रिप्ट चालवली आणि त्याच मिनिटाला चॅनलवर लिहिलं, "मी आत्ता चुकीच्या डेटाबेसवर स्क्रिप्ट चालवली आहे, कुणीतरी लगेच बघा." त्या मेसेजमुळे बाकीचे जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, वेळेत थांबवता आले. तिने आधी स्वतःच गुपचूप निस्तरायचा प्रयत्न केला असता, तर रात्रीच्या जॉबने तो चुकीचा डेटा पुढे चार ठिकाणी नेला असता.

विश्वासाइतकाच टीमना नेहमी ऐकू येणारा दुसरा सल्ला म्हणजे 'हुशारीने काम करा'. मला या शब्दांची थोडी ॲलर्जी आहे, कारण बहुतेकदा त्यांच्या मागोमाग एखादं नवीन टूल येतं. माझ्या अनुभवात हुशारीचा मोठा वाटा दोन गोष्टींत आहे: काम लहान तुकड्यांत करणं आणि हातात एका वेळी कमी कामं ठेवणं. दुसरीमागचं गणित सोपं आहे आणि ते जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध करून ठेवलंय. एखादं काम पूर्ण व्हायला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू असलेली कामं भागिले दर आठवड्याला संपणारी कामं. समजा सहा जणांच्या टीमने 18 टिकेटं उघडून ठेवलीत आणि आठवड्याला सहा बंद होतात. म्हणजे प्रत्येक टिकेट सरासरी तीन आठवडे टीमकडे राहणार. संपण्याचा वेग तोच ठेवून एका वेळी सहाच उघडी ठेवली तर एक आठवडा. कुणी जास्त राबलं नाही, कुणी घाईने टाइप केलं नाही.

मग हे सगळे का करत नाहीत? कारण उघडी कामं कमी ठेवली की कधीतरी कुणाच्या नावावर काहीच नसतं आणि रिकामा माणूस कामांच्या बोर्डवर लगेच डोळ्यांत भरतो. खरं तर त्या वेळी त्याने दुसऱ्याचं अडलेलं टिकेट सोडवायला बसावं, कुणाच्या तरी कोडचा रिव्ह्यू करावा, म्हणजे तो वाचून तपासावा. पण रिव्ह्यूचं खातं बोर्डवर नसतं. म्हणून तो आपलं एक नवीन टिकेट उघडतो, व्यस्त दिसतो आणि दुसऱ्याचा कोड रिव्ह्यूसाठी चार दिवस पडून राहतो. इथे वरच्या माणसानेही खालच्यांवर विश्वास ठेवावा लागतो. लोकांनी मला खरं सांगावं असं वाटत असेल, तर रिकामा दिसणारा माणूस बघून मी चुळबुळ करता कामा नये. हे मला अजूनही जड जातं.

रिव्ह्यूची गंमत सगळ्यांना माहीत आहे. हजार ओळींच्या बदलावर "छान, मर्ज कर" (म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळ) आणि चाळीस ओळींच्या बदलावर व्हेरिएबलच्या नावावरून महाभारत. मोठा बदल कुणी वाचतच नाही, वाचल्यासारखं करतं. आमच्याकडे आता एका बैठकीत वाचून होईल एवढाच बदल रिव्ह्यूला येतो. अर्धवट फीचर फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करण्याच्या स्विचमागे, बंद ठेवून मर्ज करतो. आणखी एक गोष्ट ठरवून घेतली. रिव्ह्यूच्या प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला लिहायचं: 'बदलायलाच हवं' की 'माझं मत'. नव्या माणसाला सिनियरचा प्रत्येक शेरा हुकूम वाटतो. "इथे मॅप वापरला असता तर?" एवढं वाचून एका मुलाने अख्खा क्लास नव्याने लिहिला होता आणि शेरा लिहिणाऱ्याला आपण असं काही म्हटल्याचं आठवतही नव्हतं. 'माझं मत' लिहिलेला शेरा सोडून द्यायची मुभा आहे, आणि लोक खरंच सोडतात. दोन-तीनदा उलटसुलट उत्तरं झाली की लिहिणं थांबवून फोन करायचा.

कोणी म्हणेल, इतका विश्वास आहे तर रिव्ह्यू तरी कशाला? इथे माझ्यातली टेस्टर जागी होते. मार्च 2024 मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या या कॉम्प्रेशनच्या प्रोजेक्टमध्ये 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ रीतसर, उपयोगी काम केलं, भरवसा मिळवला, रिलीज करण्याचा अधिकार मिळवला आणि मग 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. मूळ मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, जवळपास एकटा आणि थकलेला होता; त्याच्यावर "दुसऱ्याच्या हाती दे" असा दबावही आणला गेला होता. अँड्रेस फ्रॉइंड हे इंजिनियर पोस्टग्रेसचं परफॉर्मन्स टेस्टिंग करत होते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं आणि मुळाशी जाऊन त्यांनी 29 मार्चला ते जाहीर केलं. अर्धा सेकंद! मला या गोष्टीतून विश्वास ठेवू नये असं वाटत नाही. वाटतं ते एवढंच की एकट्या, दमलेल्या माणसावर सगळा भार टाकणं याला विश्वास म्हणत नाहीत. दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मर्ज होत नाही हा नियम आमच्याकडे मलाही लागू आहे, आणि तो मला लागू आहे म्हणूनच ज्युनियरला त्यात अपमान वाटत नाही. जी तपासणी मशीन करू शकतं ती मशीननेच करावी. बिल्ड तुटलं, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयारच होत नाही, हे सीआयने (आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने) सांगितलं की कुणाला राग येत नाही. मी सांगितलं की थोडा येतो.

अलीकडे एआयने लिहिलेल्या कोडमुळे हा प्रश्न वेगळ्या कोनातून परत आलाय. कोड भराभर तयार होतो, वाचणारी माणसं तेवढीच. कुणी कशाच्या मदतीने लिहिलं याची चौकशी मी करत नाही. रिव्ह्यूत एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारते, ही का आहे? "टूलने दिली" हे उत्तर चालत नाही. "माहीत नाही, बघून सांगतो" चालतं.

राहिला प्रश्न वार्षिक मूल्यमापनाचा, आणि तिथे माझं घोडं अडलेलं आहे. वर्षभर "बातमी लवकर सांगा" म्हणायचं आणि वर्षाच्या शेवटी त्याच लोकांना एकाच रांगेत क्रमाने उभं करायचं, याचा मेळ मला बसवता येत नाही. मायक्रोसॉफ्टने असली क्रमवारी नोव्हेंबर 2013 मध्ये बंद केली. आकड्यांचं वेड तर त्याहून जुनं. 1982 मध्ये ॲपलच्या लिसा या कॉम्प्युटरच्या टीमला दर आठवड्याला किती ओळी कोड लिहिला याचा फॉर्म भरायला लागायचा. बिल ॲटकिन्सन यांनी क्विकड्रॉ या पडद्यावर चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक भाग नव्याने लिहून कोड सुमारे 2000 ओळींनी कमी केला आणि तो कित्येक पट वेगवान केला. फॉर्मवर त्यांनी आकडा लिहिला: उणे 2000. काही आठवड्यांनी त्यांना फॉर्म मागणं बंद झालं म्हणतात.

माझ्या हातात क्रमवारी बंद करण्याची ताकद नाही. एवढं करते की मूल्यमापनाच्या फॉर्ममधल्या 'विशेष योगदान' या रकान्यात कुणी कुठली वाईट बातमी वेळेत सांगितली आणि त्यामुळे काय वाचलं ते तारखेसकट लिहिते. एचआरने एकदा विचारलं, ही तर चूक झाली, योगदान कसं? मी त्यांना त्या दिवसाचा चॅनलवरचा मेसेज आणि थांबवलेल्या जॉबची यादी पाठवली. या वर्षीही तो रकाना तसाच भरणार आहे. स्क्रिप्टवाल्या मुलीचं नाव त्यात सगळ्यांत वर आहे.